गोडो इंजिनचा रिव्ह्यू, स्टोअर आणि लायसन्सच्या बाजूने

गोडो हे गेम बनवायचं ओपन सोर्स इंजिन (म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो), आणि त्याचे रिव्ह्यू भरपूर आहेत. टूडी कसं आहे, थ्रीडी कुठे कमी पडतं, त्याची स्वतःची भाषा जीडीस्क्रिप्ट शिकायला किती सोपी, सगळं वाचायला मिळतं. मला वेगळ्या बाजूने लिहायचंय. गेम बनवून झाला की तो ॲपलच्या ॲप स्टोअरवर, गूगल प्लेवर, स्टीमवर टाकायचा असतो, तिथे प्रत्येकाचे आपापले नियम, आणि इंजिन ओपन सोर्स असलं की त्या इंजिनच्या लायसन्सच्या अटी वेगळ्या, आणि हे दोन्ही एकमेकांशी जुळतात का हे बरेच लोक गेम पूर्ण होईपर्यंत बघतच नाहीत. तेव्हा बघून फार उपयोग नसतो, कारण इंजिन बदलायचं म्हणजे जवळजवळ अख्खा गेम परत लिहायचा.

निकाल आधीच सांगून टाकतो. या एका कसोटीवर गोडो मला ओपन सोर्स इंजिनांमध्ये सगळ्यात निर्धास्त वाटतं, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच. आणि साडेचार फक्त "एमआयटी लायसन्स आहे ना, मग झालं" म्हणून नाहीत. एमआयटी हे कोड कसाही वापरू, बदलू, विकू देणारं मोकळं लायसन्स, लोक तिथेच थांबतात, खरं काम त्याच्या पुढे केलेलं आहे.

आधी भांडण नेमकं कशाचं आहे ते बघू. "ॲपलने जीपीएलवर बंदी घातलीये" असं सर्रास म्हटलं जातं (जीपीएल हे दुसऱ्या धाटणीचं ओपन सोर्स लायसन्स). तशी थेट बंदी नाहीये, अडचण जीपीएलच्या अटींमुळे येते. जीपीएल म्हणतं की ज्याच्या हातात प्रोग्राम दिला त्याला तो कॉपी करायचा, बदलायचा, पुढे वाटायचा पूर्ण हक्क आहे आणि त्या हक्कांवर तुम्ही वरून आणखी कुठलंही बंधन घालायचं नाही. आता ॲप स्टोअरवरून ॲप उतरवलं की स्टोअरच्या वापराच्या अटी लागतात, बायनरी (चालणारी तयार फाइल) डीआरएम, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप, लावून येते, ती उचलून मित्राला देता येत नाही. म्हणजे दुसऱ्याचा जीपीएल कोड स्टोअरवर चढवणारा माणूस अपलोड करतानाच लायसन्स मोडतो. २०१० मध्ये जीएनयू गो या गेमच्या बाबतीत जीपीएल काढणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने हाच मुद्दा काढला आणि ॲपलने अटी बदलण्याऐवजी ॲपच स्टोअरवरून काढलं. त्याच वर्षी व्हीएलसी (व्हिडिओ प्लेअर) आयओएसवर (आयफोन, आयपॅडची सिस्टीम) आलं, व्हीएलसीच्याच एका डेव्हलपरने हरकत घेतली, जानेवारी २०११ मध्ये ते गेलं. परत यायला जुलै २०१३ उजाडला, कारण मधल्या काळात शेकडो जुन्या कॉन्ट्रिब्युटरांना शोधून, प्रत्येकाची परवानगी घेऊन मोठ्या भागाचं लायसन्स बदलावं लागलं. व्हीएलसी काही गेम इंजिन नाही, पण कोडमध्ये शंभर लोकांचा हात लागला की नंतर लायसन्स बदलणं किती अवघड होतं हे त्यातून सगळ्यांनी बघितलं.

गेमच्या दुनियेत याच प्रश्नाची दुसरी बाजू बघायची तर आयडी सॉफ्टवेअर ही गेम कंपनी. डूम, क्वेक, पुढे क्वेक ३, सगळ्यांची इंजिनं त्यांनी जीपीएलखाली खुली केली, आणि २००९ मध्ये त्यांनीच डूम क्लासिक आयफोनवर विकलंसुद्धा. मूळ कोडचा कॉपीराइट त्यांचा, आणि स्वतःचा कोड कुणीही हव्या त्या अटींवर देऊ शकतो. पण तोच जीपीएल क्वेक तुम्ही घेतला, त्यावर मेहनत करून छान गेम बनवला आणि ॲप स्टोअरवर टाकायचा म्हटलं तर तुमच्याकडे तो हक्क नाही. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं जुनं गेम इंजिनही असंच अडकायचं, गेम चालवणारा प्लेअरच जीपीएलचा, गेमची फाइल त्यात बांधून दिली की ती पण जीपीएलच्या कक्षेत. २०१९ मध्ये ब्लेंडर २.८० आलं तेव्हा ते इंजिन काढूनच टाकलं. काढण्याची कारणं वेगळी होती, कोड जुना झाला होता, सांभाळायला माणसं नव्हती, पण ज्यांना गेम विकायचा होता ते त्याआधीच दुसरीकडे गेले होते असं माझं मत आहे.

मग मधला मार्ग म्हणून एलजीपीएल होतं, जीपीएलचं सौम्य रूप, मुख्यतः लायब्ररींसाठी (दुसऱ्या प्रोग्रामात वापरायचा तयार कोड). लायब्ररी एलजीपीएल, तुमचा गेम बंद, चालेल, फक्त वापरणाऱ्याला ती लायब्ररी बदलून दुसरी बसवता आली पाहिजे. डेस्कटॉपवर हे सोपं, लायब्ररीची वेगळी फाइल (डीएलएल) ठेवली की झालं. आयओएसवर मात्र २०१४ साली आयओएस ८ येईपर्यंत बाहेरची लायब्ररी डायनॅमिक लिंक करून (वेगळी फाइल ठेवून) स्टोअरवर पाठवताच येत नव्हती, सगळं स्टॅटिक, म्हणजे गेममध्येच एकजीव. स्टॅटिक म्हणजे मग एलजीपीएलनुसार तुम्ही आपल्या गेमच्या ऑब्जेक्ट फाइल्स (पुन्हा जोडता येतील असे कंपाइल केलेले तुकडे) तरी द्यायच्या, ते कोण देणार. आणि आता डायनॅमिक जमत असलं तरी सही केलेल्या ॲपमधली लायब्ररी सामान्य माणूस बदलणार कशी हा वाद मिटलेला नाहीच. त्यामुळे झालं काय की एकेक इंजिन, एकेक लायब्ररी एलजीपीएल सोडून निघाली. ओगर थ्रीडी या ग्राफिक्स इंजिनने १.७ पासून एमआयटी घेतलं. गेममध्ये ग्राफिक्स, आवाज, इनपुट सांभाळणाऱ्या एसडीएल लायब्ररीची १.२ आवृत्ती एलजीपीएल होती, एसडीएल २ एमआयटीसारख्याच मोकळ्या झीलिब लायसन्सवर आलं. आज नवीन ओपन सोर्स इंजिन सुरू करताना कोणी जीपीएल निवडताना फारसं दिसत नाही, आणि माझं ठाम मत आहे की यात तत्त्वज्ञानापेक्षा स्टोअरचा हात मोठा आहे. स्टोअरच्या अटी कुठल्या इंजिनला उद्देशून लिहिलेल्या नव्हत्या, पण अख्ख्या क्षेत्राने कुठलं लायसन्स घ्यायचं हे शेवटी त्या अटींनीच ठरवून टाकलं. हे मला चांगलं झालं असं वाटत नाही. वापरणाऱ्याचा हक्क जपणारं लायसन्स इंजिनांसाठी जवळजवळ बाद झालं, आणि ते कुणाच्या मताने नाही, वाटपाच्या दारावरच्या नियमाने.

आता गोडो. २०१४ मध्ये खुलं झालं तेव्हापासून एमआयटी. ज्या गोष्टीसाठी मी गुण देतो ती म्हणजे त्यांचा थर्ड पार्टी फोल्डर. इंजिनमध्ये फ्रीटाइप (फॉन्टसाठी) आहे, एनेट (नेटवर्कसाठी) आहे, एम्बेड टीएलएस (सुरक्षित जोडणीसाठी) आहे, अशा कितीतरी बाहेरच्या लायब्ररी आत घेतलेल्या आहेत, आणि तिथे मुख्यतः एमआयटी, बीएसडी, झीलिब, अपाची अशी मोकळीक देणारी लायसन्स दिसतात, आणि प्रत्येकाची नोंद एका कॉपीराइट फाइलमध्ये नीट ठेवलेली. हे का महत्त्वाचं? कारण आयओएसला एक्सपोर्ट केलं की गोडो एक्सकोडचा (ॲपलचं ॲप बनवायचं टूल) प्रोजेक्ट बनवून देतं आणि इंजिन स्वतः त्यात स्टॅटिक लायब्ररी म्हणून येतं. आत एक जरी एलजीपीएल लायब्ररी शिरली असती तरी वरचा सगळा घोळ तुमच्या गळ्यात. म्हणून कधी कधी एखादी चांगली लायब्ररी हाताशी असून गोडोमध्ये का नाही याचं उत्तर लायसन्समध्ये असतं. व्हिडिओसाठी अजून ऑग थिओरा हा जुना खुला फॉरमॅटच का, यावर लोक चिडतात, पण एच २६४ या प्रचलित फॉरमॅटच्या पेटंटचं ओझं आणि एफएफएमपेग या व्हिडिओ लायब्ररीच्या अटी बघितल्या तर मला तो निर्णय पटतो. त्रास होतो, पण पटतो.

एमआयटी म्हणजे "काहीच करायचं नाही" असं नसतं बरं का, आणि इथे खूप जण चुकतात. कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर गेमसोबत द्यावाच लागतो. गोडोच्या डॉक्युमेंटेशनमध्ये यासाठी स्वतंत्र पान आहे, क्रेडिट्सच्या स्क्रीनवर टाका, वेगळी लायसन्सची स्क्रीन करा, फाइल सोबत द्या, असे पर्याय दिलेत. डेस्कटॉपवर फाइल सोबत देऊन भागतं, फोनवर ती फाइल कोण उघडणार, तिथे गेमच्या आतच दाखवलेलं बरं. इंजिनमध्येच फंक्शनं आहेत, एक लायसन्सचा मजकूर देतं, एक सगळ्या थर्ड पार्टींची कॉपीराइट माहिती देतं, ती घेऊन एका स्क्रोल होणाऱ्या खिडकीत ओतली की काम संपलं. इतकं सोपं असताना मी अर्धा गुण कापतोय तो याच्यासाठी: हे आपोआप होत नाही. एक्सपोर्टच्या खिडकीत आयकॉन विचारतात, परवानग्यांची भली मोठी यादी विचारतात, पण "लायसन्सची स्क्रीन जोडायची का" असा एक साधा टिक मारायचा चौकोन नाही. नवीन माणसाला ते पान शोधायचं कसं सुचणार? एक तयार सीन इंजिनसोबत दिला तरी न कळत लायसन्स मोडणारे कितीतरी गेम नीट होतील.

इंजिन स्वच्छ असलं तरी प्लगिन स्वच्छ असेलच असं नाही. गोडोच्या ॲसेट लायब्ररीत (प्लगिन, चित्रं वगैरे मिळायची जागा) प्रत्येक गोष्टीसमोर लायसन्सचं नाव लिहिलेलं असतं, ते वाचा, प्लीज वाचा. एमआयटी दिसलं तरी आत काय बांधलंय तेही बघा. व्हिडिओची प्लगिनं हे नेहमीचं उदाहरण, वरचा कोड एमआयटी आणि आत एफएफएमपेग, जे मुळात एलजीपीएल आहे आणि एक्स२६४ (एच २६४ चा एन्कोडर) सकट बिल्ड केलं तर जीपीएल होतं. विंडोजवर चाललं म्हणून आयओएसला तसंच नेलं तर परत तोच घोळ.

आणि चित्रं, आवाज, संगीत. हा भाग मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो कारण यावर कुणीच बोलत नाही. कलाकृतींसाठीच्या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय (नाव द्या, वापरा) आणि बीवाय-एसए (बदल केला तर त्याच लायसन्सने द्या) लायसन्समध्ये एक कलम आहे, की या कलाकृतीवर असं तांत्रिक कुलूप लावायचं नाही ज्यामुळे पुढच्या माणसाला लायसन्सने दिलेले हक्क वापरता येणार नाहीत. आता ॲप स्टोअर स्वतःच डीआरएम लावतं, तुम्हाला विचारत नाही, तुम्हाला नको म्हणायची सोय नाही. म्हणजे नाव व्यवस्थित देऊन, सगळं प्रामाणिकपणे करूनसुद्धा बीवायचं चित्र आयओएसच्या गेममध्ये वापरणं अडचणीचं ठरू शकतं. गेमसाठी मोफत चित्रं देणाऱ्या ओपनगेमआर्ट साइटवाल्यांनी याच कारणासाठी ओजीए-बीवाय नावाचं वेगळं लायसन्स काढलं, बीवायसारखंच पण ते डीआरएमचं कलम वगळून. तेव्हा मोबाइल गेमसाठी गोळा करत असाल तर सीसी झीरो (कुठलीच अट नाही) किंवा ओजीए-बीवाय बघा, नाहीतर सरळ कलाकाराला मेसेज करून परवानगी मागा. मागितली तर देतात लोक, आणि लेखी घेऊन ठेवा.

ॲपलचा अजून एक नियम लायसन्सचा नाही पण इंजिनांच्या जिवावर बेतू शकतो, तो म्हणजे कोड चालवण्याबद्दलचा. जुन्या लोकांना आठवत असेल, एप्रिल २०१० मध्ये ॲपलने अट घातली होती की ॲप मुळातच ऑब्जेक्टिव्ह सी, सी, सी++ किंवा वेबकिटच्या (ॲपलचं ब्राउझर इंजिन) जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं पाहिजे. निशाणा फ्लॅशवर होता असं सगळे म्हणायचे, पण युनिटी इंजिन, ल्युआ भाषा वापरणारी इंजिनं, सगळेच हादरले. सप्टेंबरमध्ये ती अट सैल केली. आज स्क्रिप्ट चालवायला हरकत नाही, फक्त ॲप स्वतःमध्ये पूर्ण पाहिजे, बाहेरून कोड उतरवून त्याने ॲपचं रूप किंवा सोयी बदलायच्या नाहीत. गोडोला हे सोपं जातं कारण जीडीस्क्रिप्टला जेआयटी (चालता चालता कोड मशीनच्या भाषेत बदलणं) लागत नाही, आणि स्टोअरवरच्या गेमना ॲपल जेआयटी वापरू देत नाही. सी शार्पवाल्यांना मात्र थांबावं लागलं, गोडो ४ मध्ये मोबाइलवर सी शार्प थेट ४.२ मध्ये आलं, तेही प्रायोगिक म्हणून, आणि आयओएससाठी आधीच पूर्ण कंपाइल करून. एक सावधगिरी: गोडो चालू गेममध्ये पीसीके फाइल (गेमच्या सामानाचं गाठोडं) लोड करू शकतं, फार कामाची सोय आहे, नवीन लेव्हल, नवीन चित्रं पाठवता येतात. पण त्या पीसीकेमध्ये नवीन स्क्रिप्ट घालून गेमचं वागणंच बदललंत तर आयओएसवर ते नियमाच्या पलीकडे जाईल. नुसते ॲसेट (चित्रं, आवाज, लेव्हल) पाठवा.

गूगल प्लेवर लायसन्सचा ताण कमी, कारण अँड्रॉइडवर स्टोअरच्या बाहेरून एपीके (ॲपची फाइल) टाकता येतो, आणि शुद्ध ओपन सोर्सवाल्यांसाठी एफ-ड्रॉइड हे वेगळं स्टोअर आहेच. तिथला त्रास दुसरा, नियम सारखे पुढे सरकतात. ६४ बिट सक्तीचं झालं, मग नवीन ॲपना एपीकेऐवजी ॲप बंडल सक्तीचं झालं, दरवर्षी टार्गेट एपीआय (अँड्रॉइडची कुठली आवृत्ती धरून ॲप बनवायचं ते) वर जातो, नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ आणि पुढे टार्गेट करणाऱ्या ॲपना १६ केबी पेज साइझची (मेमरीच्या तुकड्याचं माप) सोय लागते. ॲपलनेही मे २०२४ पासून प्रायव्हसी मॅनिफेस्ट (ॲप कुठली माहिती घेतं, का घेतं याची यादी) सक्तीचं केलं. यातलं प्रत्येक काम गोडोमध्ये कुणीतरी, बऱ्याचदा फुकट, बसून करतं, आणि वेळेत करतं, याचं मला मनापासून कौतुक आहे. १६ केबीची सोय ४.५ मध्ये आली, मॅनिफेस्टचे रकाने आयओएसच्या एक्सपोर्टमध्ये आले. पण याचा अर्थ असाही की जुन्या आवृत्तीवर अडकलेला गेम स्टोअरवर जिवंत ठेवायचा तर इंजिन अपडेट करावंच लागतं. बंद इंजिन असतं तर कंपनीची वाट बघत बसावं लागलं असतं, इथे निदान सोर्स हातात आहे, तो एक बदल जुन्या आवृत्तीत आणून एक्सपोर्टसाठीचं इंजिन (टेम्प्लेट) स्वतः बिल्ड करता येतं. जमणाऱ्याला ही फार मोठी गोष्ट आहे.

स्टीमचं थोडक्यात. डीआरएम तिथे ऐच्छिक आहे, ब्लेंडर आणि क्रिटासारखे जीपीएल प्रोग्राम आरामात आहेत. घोटाळा होतो तो अचिव्हमेंट वगैरेसाठी स्टीमवर्क्स एसडीके (स्टीमचं डेव्हलपरांसाठीचं टूलकिट) जोडला की, कारण तो बंद आहे आणि जीपीएलशी जुळत नाही, स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्हने स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे सरळ लिहून ठेवलंय. गोडो एमआयटी आणि गोडोस्टीम प्लगिन पण एमआयटी, त्यामुळे इथे काही प्रश्नच येत नाही. मायक्रोसॉफ्ट स्टोअरने २०२२ मध्ये फुकट मिळणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर पैसे कमवू नयेत असा नियम आणायचा घाट घातला होता, ओरड झाल्यावर ती ओळ बदलली. तो राहिला असता तर स्वतःचाच प्रोजेक्ट विकून पोट भरणाऱ्यांचं नुकसान झालं असतं.

कन्सोलसाठी (प्लेस्टेशन, स्विच वगैरे) गोडो घेत असाल तर आधीच हिशोब करा. कन्सोलचे एसडीके गुप्ततेच्या कराराखाली असतात, तो कोड खुल्या रेपोमध्ये (कोडच्या साठ्यात) ठेवताच येत नाही, म्हणून अधिकृत गोडोमध्ये कन्सोल एक्सपोर्ट नाही आणि येणारही नाही. गोडोच्याच काही मूळ लोकांनी २०२२ मध्ये सुरू केलेली डब्ल्यू४ गेम्स ही कंपनी पोर्ट देते, अजूनही काही कंपन्या करतात, पण ते बहुतेक पैसे देऊन. एमआयटी असल्यामुळे असे बंद पोर्ट कायदेशीर आहेत, जीपीएल असतं तर हा रस्ताही बंद होता.

बाकीच्या इंजिनांपैकी लव्ह झीलिबवर आहे, छोट्या टूडीसाठी मस्त. डिफोल्डचा सोर्स खुला आहे पण लायसन्समध्ये इंजिन विकण्यावर मर्यादा आहे, गेम बनवणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. लिबजीडीएक्स अपाचीवर, चांगलं आहे, पण आयओएससाठी ते रोबोव्हीएमवर (जावा कोड आयओएसवर चालवणारं टूल) विसंबून होतं, ती कंपनी २०१५ मध्ये विकली गेली, सोर्स बंद झाला आणि २०१६ मध्ये प्रॉडक्टच गुंडाळलं. लोकांनी जुना खुला कोड फोर्क करून (वेगळी प्रत काढून) चालू ठेवला म्हणून लिबजीडीएक्स आयओएसवर टिकलं. इंजिनचं लायसन्स बघताना एक्सपोर्ट करणाऱ्या टूलचंही बघायचं ते यामुळे.

शेवटचा प्रश्न बरेच जण विचारतात, की मला माझा गेम जीपीएलच ठेवायचाय, मग गोडो चालेल का. चालेल. एमआयटीचं इंजिन जीपीएलच्या गेमखाली बसतं. सगळा कोड तुमचा एकट्याचा असेल तर तो जीपीएलखाली खुला ठेवून ॲप स्टोअरवर स्वतः टाकायला काही अडत नाही, कॉपीराइट तुमचा आहे. दुसऱ्याचा पहिला पॅच (कोडमधला बदल) घेतलात की मात्र तो पण मालक झाला, म्हणून पॅच घ्यायच्या आधीच लायसन्समध्ये ॲप स्टोअरसाठी वेगळी परवानगी लिहून ठेवा, जीपीएल ३ च्या सातव्या कलमात अशा जादा परवानगीची सोय आहे आणि नेक्स्टक्लाउड या फाइल साठवायच्या ओपन सोर्स प्रोजेक्टच्या आयओएस ॲपच्या रेपोमध्ये ॲप स्टोअरसाठीच्या अपवादाची फाइल आहे, ती बघून तुमची लिहिता येईल.